विठोबाकडे गाऱ्हाणे : वारकरी परंपरेतील भरवसा आणि अनुत्तरित प्रश्न

देव आपली काळजी वाहतो असे मानणाऱ्या प्रत्येक धर्मपरंपरेपुढे एक प्रश्न उभा राहतोच. काळजी वाहणारा कोणी आहे, तर तान्हे मूल का दगावते, उभे पीक का करपते, कुणाचे काही न बिघडवलेला माणूस का चिरडला जातो? वारकरी संतांपुढे याचे एक तयार उत्तर होते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी कर्माची मांडणी दर्शनांनी कधीच करून ठेवली होती आणि ती त्यांना चांगली ठाऊक होती. दुसऱ्याला उपदेश करताना त्यांनी ती वापरलीही. पण स्वतःवर प्रसंग आला तेव्हा तेवढ्यावर त्यांचे भागले नाही. त्यांनी देवाला जाब विचारला, त्याच्यावर रुसले, त्याला शिव्या घातल्या, त्याच्या दारात धरणे धरले. एवढे करूनही त्याचे दार मात्र सोडले नाही. तेराव्या ते सतराव्या शतकातल्या अभंगवाङ्मयाचा मोठा भाग या गाऱ्हाण्यांचा आहे, आणि या परंपरेतला भरवसा नेमका कसला आहे हे कळायला उपदेशाच्या अभंगांपेक्षा हीच गाऱ्हाणी अधिक उपयोगी पडतात.

भरवशाचे शास्त्रीय मूळ भगवद्गीतेत आहे. नवव्या अध्यायात कृष्ण अनन्य भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे वचन देतो आणि अठराव्यात शरण येण्यास सांगतो. ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण केली, तेव्हा या वचनाला मराठी घराचे रूप आले. योगक्षेम वाहणारा देव तिथे पिल्लाला पंखाखाली घेणाऱ्या पक्षिणीसारखा होतो, लेकराची तहानभूक स्वतः ओळखणारी आई होतो. पुढच्या संतांनी हे आईपण इतके वाढवले की पुरुषरूपातला विठ्ठल ‘विठाई’ आणि ‘माउली’ झाला. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, लांबून नुसती पाहते आणि त्या नजरेवर ती वाढतात, ही लोकसमजूतही संतांना फार आवडलेली दिसते. मदत जवळ येऊन केलेली दिसत नाही म्हणजे ती नाहीच असे नव्हे, हे सांगायला ही कासवी सोयीची होती. प्राणिशास्त्राला ती मान्य नसली तरी भक्तीचे काही अडत नाही.

ज्याच्यावर हा भार टाकायचा तो देवही वेगळ्या धाटणीचा आहे. पंढरपूरचा विठोबा कुणाचा वध करताना दाखवलेला नाही. तो कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे. आख्यायिकेप्रमाणे तो पुंडलिकाला भेटायला आला, पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता, त्याने वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. तेव्हापासून देव थांबलाच आहे. इथे ताटकळत राहणे एकट्या भक्ताच्या वाट्याला आलेले नाही, देवही ताटकळतो आहे. पण याच मूर्तीने गाऱ्हाण्यांना विषय पुरवला. कमरेवरचे हात हलत का नाहीत, हे विचारण्याची मुभा भक्ताला आपोआप मिळाली.

महाराष्ट्रात देवावर विसंबण्याची आणखी एक, बहुधा अधिक जुनी रीत आहे, ती नवसाची. मूल होऊ दे, बैल बरा होऊ दे, मग बोकड देईन किंवा पायी येईन, असा तो करार असतो. खंडोबा, भवानी, म्हसोबा यांच्याशी गावोगाव असे करार आजही होतात. वारकरी संतांनी या रीतीवर कडक टीका केली. नवसाने मुले होत असती तर लग्नाची गरज काय होती, असा रोखठोक सवाल तुकारामांनी केला. टीकेचे कारण नुसती जीवहत्या किंवा भाबडेपणा नव्हते. करारात देवाने आपली बाजू पाळली नाही की संबंध संपतो, माणूस दुसरे दैवत गाठतो. संतांना हवा होता तो काही मिळो न मिळो टिकणारा संबंध. तो टिकवणे मात्र करार पाळण्यापेक्षा अवघड निघाले.

ज्ञानेश्वरांच्या घरापासूनच हे दिसते. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांच्या चार मुलांना समाजाने वाळीत टाकले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि पोरकी मुले शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, असे परंपरा सांगते. या सगळ्यानंतर लिहिलेल्या ग्रंथाच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितले. त्यात स्वतःसाठी मागणे नाही आणि छळणाऱ्यांविषयी कडवटपणाही नाही. हा शांतपणा जन्मजात होता असे मात्र परंपरेला वाटले नाही. लोकांच्या अपमानाने चिडून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने त्यांची समजूत काढली, हा प्रसंग ‘ताटीचे अभंग’ या नावाने वारकऱ्यांनी जपला. दार लावून घेणारा ज्ञानदेव त्यांना नको असता, तर हे अभंग मागे पडले असते.

इथे अभंग आणि चरित्र यांतला फरक सांगितला पाहिजे. आज सामान्य माणसाच्या मनात संतांची जी ओळख आहे ती पुष्कळशी ताहाराबादच्या महिपतींनी घडवलेली आहे. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये पूर्ण झाला, ‘भक्तलीलामृत’ त्यानंतर आले. नावातच विजय आहे. महिपतींच्या कथेत संकट येते, भक्त धावा करतो आणि शेवटी देव येतो. गोरा कुंभार भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचे रांगते मूल तुडवतो, पण कथा संपण्यापूर्वी मूल जिवंत होऊन परत येते. जनाबाईच्या जात्याला देव हात लावतो. कीर्तनकाराला अशी आख्याने लागतात आणि श्रोत्यालाही ती ऐकून उभारी येते, यात वावगे काही नाही. फक्त अभंग असे वागत नाहीत. अभंग प्रसंग चालू असताना उमटतो, पुढे काय होणार हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे चरित्रात सुटलेले कोडे अभंगात तसेच राहते. एकाच संताचे चरित्र आणि अभंग शेजारी ठेवले तर दोन निरनिराळी माणसे वाचत आहोत असे वाटते. भरवशाचा विचार करताना दुसऱ्या माणसाचे ऐकणे अधिक प्रामाणिक आहे.

तुकारामांच्या बाबतीत हा फरक सर्वांत ठळक दिसतो, आणि त्यांच्यावर कोसळलेल्या संकटाची इतिहासातही नोंद असल्याने त्यांच्याकडे अधिक वेळ देणे योग्य. त्यांच्या जन्मसालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण १६०८ हे साल बहुधा धरले जाते. देहूत त्यांच्या घरात महाजनकी होती, दुकान आणि सावकारी होती, पूर्वज विश्वंभरबुवांपासून विठ्ठलाची पूजा होती. थोरला भाऊ सावजी बायकोच्या मृत्यूनंतर विरक्त होऊन निघून गेला, आईवडील गेले, आणि विशीच्या आसपास असलेल्या तुकारामांवर संसार पडला. तेवढ्यात १६३० चा पावसाळा कोरडा गेला. गुजरात, खानदेश आणि दख्खन या सगळ्या पट्ट्यात १६३०-३२ चा दुष्काळ इतका भयंकर होता की मुघल दरबाराच्या इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, आणि सुरतेहून उत्तरेकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानेही त्याची वर्णने लिहून ठेवली. पाऊस न पडणे हे त्याचे एकमेव कारण नव्हते. शहाजहानच्या फौजा निजामशाहीविरुद्ध दख्खनेत उतरल्या होत्या. देहूपासून एका दिवसाच्या चालीवर असलेले पुणे याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने जाळून उद्ध्वस्त केले. धान्य पिकले नाही, आणि जे होते ते सैन्यांनी नेले.

या दुष्काळात तुकारामांची पहिली बायको रखमाबाई अन्नान्न करीत गेली. मुलगा संतूही गेला. धंदा बुडाला, दिवाळे वाजले, गावात पत राहिली नाही. हे सारे तुकारामांनी स्वतःच एका आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे, आणि सांगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्यात विलाप नाही आणि तत्त्वज्ञानही नाही. हिशेबाच्या वहीतल्यासारख्या नोंदी आहेत : दुष्काळाने पैसा गेला, मान गेला, बायको अन्नावाचून मेली, लाज वाटली, मग मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावे असे मनात आले. मृत्यूपासून देवळापर्यंत येताना मधला धागा ते जोडत नाहीत. का गेली, कुणाच्या कर्माने गेली, याविषयी अक्षर नाही.

दुसऱ्या काही अभंगांत ते वेगळे बोलतात, आणि तिथे आजचा वाचक अडखळतो. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडले ते बरे झाले, असे ते देवाला म्हणतात. एका अभंगात घरातली एकेक माणसे मेल्याचे सांगून, आता मध्ये कुणी उरले नाही, विठोबा, तू आणि मी, असा सूर लावतात. उपाशी मेलेल्या बाईच्या मृत्यूला बरे झाले म्हणणे हा निष्ठुरपणा आहे असा आक्षेप यावर घेता येतो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. या ओळींना दैवी आनंदाचा उद्गार मानणारे भाष्यकार त्यातली धार बोथट करतात. सगळे गमावलेल्या माणसाचा उपरोध आणि त्याची शरणागती त्यांत इतकी मिसळली आहे की कोणती कुठे संपते हे सांगता येऊ नये. तुकारामांनीही ते वेगळे करून दाखवलेले नाही.

कारण तुकारामांच्या याच अभंगगाथेत अगदी उलट टोकाचे अभंगही आहेत. आपल्या लेखी देव मेलेला आहे, ज्याला तो असेल त्याला असो, असे तुकाराम एका ठिकाणी सरळ म्हणतात. नास्तिकाने म्हटले असते तर हे विधान ठरले असते. तुकाराम ते देवाच्याच तोंडावर म्हणतात, त्यामुळे ते भांडण ठरते. इतर कितीतरी अभंगांत ते देवाला ऋणको करून टाकतात, त्याच्याकडे थकलेली बाकी मागतात, तो निर्लज्ज आहे, दिवाळखोर आहे, पोरांना उपाशी ठेवणारी आई आहे असे सुनावतात. सावकाराच्या घरात वाढलेल्या माणसाची ही भाषा आहे. स्वतःची सावकारी मात्र त्यांनी सोडून दिली. दुष्काळानंतर धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची कर्जखते देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे महिपती सांगतात. ज्या संकटाचा अर्थ लागला नाही, त्यातून निदान आपल्या कुळांची सुटका त्यांनी केली.

तीच इंद्रायणी पुढे दुसऱ्या प्रसंगात येते. शूद्राने वेदार्थ सांगितल्याचा ठपका ठेवला गेला, वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या आणि तुकाराम तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठच्या शिळेवर पडून राहिले. वह्या वर आल्या, ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने ती डोळ्यांपुढेही उभी केली. अभंगांतून जे कळते ते याहून गुंतागुंतीचे आहे. वह्या मिळाल्यानंतर तुकाराम विजयाचा डांगोरा पिटत नाहीत. लोकांच्या बोलण्यापायी आपण देवाचा अंत पाहिला, त्याला शिणवले, हा मोठा अन्याय केला, असे म्हणून ते ओशाळतात. मागितलेले मिळाल्यावर लाज वाटणे ही गोष्ट नवसाच्या व्यवहारात बसत नाही. तेरा दिवस जो हट्ट धरला तो चुकीचा होता असेही ते म्हणत नाहीत. हट्ट आणि पश्चात्ताप दोन्ही गाथेत आहेत, आणि संपादकांनी दोन्ही छापले आहेत.

समर्थ रामदासांची गोष्ट याच काळातली, पण पिंड निराळा. त्यांची ‘करुणाष्टके’ महाराष्ट्रात अजून संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हटली जातात. त्यांतला शोक उघडा असला तरी दोष ते बहुधा स्वतःकडे घेतात, रामाला कोंडीत पकडत नाहीत. तुकारामांची सलगी तिथे नाही.

गाऱ्हाण्याला सर्वांत जड आशय मिळाला तो चोखामेळा आणि त्यांच्या घरच्या माणसांकडून. दुष्काळ येतो आणि जातो. जातीने दिलेले दुःख जन्माबरोबर येते आणि ते माणसांनीच लादलेले असते. म्हणून इथे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. मंगळवेढ्याच्या महारवाड्यातले चोखोबा विठ्ठलाच्या दर्शनासाठी पंढरपुरी येत, पण देवळाचा उंबरा त्यांना बंद होता. आपल्या जातीचे कारण त्यांनी एका अभंगात मागल्या जन्मातल्या कृष्णनिंदेत शोधले, म्हणजे कर्माचे तयार उत्तर स्वीकारले. दुसरीकडे, आपला विटाळ तुला होतो असे लोक म्हणतात, मग तू माझ्या घरी कसा येतोस, असेही ते देवाला विचारतात. त्यांची बायको सोयराबाई आणखी पुढे गेली. देह तेवढा सगळाच विटाळातून जन्मतो, मग विटाळापासून सुटलेला कोण, असा तिचा युक्तिवाद आहे आणि त्याला उत्तर देणे कुणाही शास्त्र्याला अवघड गेले असते. मुलगा कर्ममेळा याने तर बापाचे समाधान धुडकावलेच. आम्हाला हीन जातीत घातलेस, उष्टे खाण्यात जन्म घालवायला लावलास, तुला लाज कशी वाटत नाही, असा त्याचा सरळ आरोप आहे. तीन अभंगकर्ते, एकच घर, आणि देवाच्या काळजीविषयी तीन निरनिराळी मते.

चोखोबांचा अंतही काळजी वाहणाऱ्या देवाच्या कल्पनेला पेच घालणारा आहे. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि वेठीला धरलेले मजूर त्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेवांनी तिथे जाऊन ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती गोळा केली आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे सांगतात. देवाने गावकूस पडू दिले आणि हाडांना नाम दिले, असा या कथेचा अर्थ होतो. भाविकाला तो पुरतो. देवळाबाहेर समाधी आणि आत प्रवेश नाही, ही स्थिती त्यानंतर सहाशे वर्षे राहिली हेही विसरून चालत नाही. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले, ते १० मे रोजी संपले आणि देऊळ अस्पृश्यांना खुले झाले. चोखोबांच्या गाऱ्हाण्याचे एवढे तरी उत्तर माणसांना द्यावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. पण चोखोबांचा मार्ग पुरेसा नाही असे ठरवून आंबेडकरांच्या चळवळीने विठोबाचे दार सोडले. हा निर्णयही त्या घरातल्या मतभेदाचा पुढचा टप्पा म्हणून वाचायला हवा. कर्ममेळाला तो परका वाटला नसता.

स्त्रियांच्या अभंगांत हा भरवसा रोजच्या कष्टांना चिकटलेला आहे. गंगाखेडहून नामदेवांच्या घरी आलेली जनाबाई स्वतःला दासी म्हणवते. दळण, कांडण, शेण, पाणी या कामांत तिला देव सोबत करतो. हीच जनाबाई चिडली की विठ्याला मेल्या म्हणते, त्याच्या मागे रखुमाईच्या वाट्याला येणारे रांडपण काढते. घरात काम करणाऱ्या बाईला मालकाशी असे बोलण्याची सोय नव्हती, देवाशी होती. बहिणाबाईची (१६२८-१७००) गोष्ट अधिक कोंडलेली. वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी लहानपणी लग्न, कीर्तनाला जाते म्हणून मारहाण, ब्राह्मण असून शूद्र तुकारामांना गुरू मानल्याचा रोष, हे तिने स्वतःच्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. देव, गुरू आणि नवरा यांत कुणाचे ऐकावे या प्रश्नाशी ती झगडते आणि पतिसेवेतच देव पाहण्याचा निर्णय घेते. तिला त्यातून शांती मिळाली असेल. पण भरवसा माणसाला अन्याय सोसायलाही शिकवतो, याचा हा पुरावा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

यातूनच जुना आक्षेप येतो की देवावर हवाला ठेवणारा माणूस हातपाय हलवत नाही. मराठी भाषेने हा आक्षेप केव्हाच ओळखला होता. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आळशाची टर उडवते, आणि ती वारकऱ्यांच्याच मुलखात रुजली. आधुनिक काळात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी संतांवर राष्ट्राला पंगू केल्याचा ठपका ठेवला. त्याआधी न्यायमूर्ती रानड्यांनी ‘मराठी सत्तेचा उदय’ मांडताना (१९००) नेमके उलट प्रतिपादन केले होते : संतांनी जातीजातींत निर्माण केलेल्या आत्मविश्वासावर स्वराज्य उभे राहिले. जोतीराव फुल्यांनी निर्मिक, म्हणजे सृष्टिकर्ता, मानला, पण दैव आणि नामस्मरण यांच्या नावावर चालणारी फसवणूक नाकारली. या वादात रानडे थोडे जास्त उदार आहेत आणि राजवाडे बरेच जास्त अन्यायी. देव ठेवील तसे राहावे, चित्तात समाधान असावे, असे सांगणारा तुकारामांचा प्रसिद्ध अभंग सुट्टा काढून भिंतीवर लावला की तो गप्प बसण्याचा सल्ला वाटतो. कर्जखते बुडवणाऱ्या आणि तेरा दिवस धरणे धरणाऱ्या माणसाने तो म्हटला आहे हे लक्षात घेतले तर तसा वाटत नाही.

गाऱ्हाण्याची ही रीत वारकरी पंथापुरती राहिली नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत आणि ख्रिस्ताला त्यांनी अभंगांतून आळवले. त्यांच्या धर्मांतरानंतर पत्नी लक्ष्मीबाईंनी काढलेली ताटातुटीची वर्षे ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचायला मिळतात. दैवावर चिडणारी, रडता रडता हसवणारी त्यांची भाषा जनाबाईच्या गोतातली आहे. पंडिता रमाबाईंचा अनुभव याहून कठोर. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थे, व्रते आणि पुराणपठण यांवर पूर्ण भरवसा ठेवून कुटुंबासह भारतभर फिरले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण उपासमारीने गेली आणि रमाबाईंचा त्या देवांवरचा विश्वास उडाला. त्या १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली गोळा करून आणत होत्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात देव उद्याचे धान्य पाठवील या भरवशावर शेकडो पोटे भरत होत्या. एका दुष्काळाने श्रद्धा मोडली, दुसऱ्यात ती कामाला लागली. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली आणि वर्षभराच्या आत रमाबाईही गेल्या. बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी शेवटपर्यंत हातचे सोडले नाही.

आजही आषाढीच्या वारीत लाखो माणसे देहू-आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात, आणि त्यांत कोरडवाहू शेतकऱ्यांचा भरणा मोठा असतो. पेरणी करून निघालेल्या माणसाला पाऊस पडेल की नाही हे ठाऊक नसते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या माणसांसोबत एसटीने पंढरपुरी नेण्यात आल्या. त्या दोन वर्षांत ज्यांच्या दिंडीतली माणसे गेली, त्यांनी २०२२ मध्ये पुन्हा टाळ हाती घेतले. त्यांतल्या कुणाला देवाने हे का केले असे विचारले तर बहुतेक जण पांडुरंगाच्या मनात असेल तसे, एवढेच म्हणतात आणि पुढे चालू लागतात. त्याचा अर्थ प्रश्न सुटला असा होत नाही.

या वाङ्मयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने एक पथ्य पाळावे. सुभाषितांसारख्या निवडक ओळींनी सुरुवात करू नये. तुकारामांची गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत संपादित केली. तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत आणि ते जीवनक्रमाने लावलेले नाहीत. आनंदाचा अभंग संपतो न संपतो तोच निराशेचा येतो. ही गैरसोय सोसून सलग शंभर-दोनशे अभंग वाचावेत, जोडीला चोखोबांचे आणि त्यांच्या घरातल्या सोयराबाई व कर्ममेळा यांचे थोडे तरी वाचावेत, आणि महिपतींची चरित्रे त्यानंतर हाती घ्यावीत.